उसवलेला कोट

९ जानेवारी

टाचणे,

आधीच सांगून टाकते, कुणी मेलेलं नाही. पाकिटावरचं माझं अक्षर बघून घाबरली असशील तर घोटभर पाणी पी आणि पुढे वाच.

तू गेलीस त्याला दीड वर्ष होत आलं. तू लिहिलं नाहीस, तुझ्या बाबांनीही लिहिलं नाही. बाप तसा आणि लेक तशी, एकाच ताग्यातून कापलेली. तोंडाला कुलूप लावायचं आणि किल्ली गिळून बसायचं. मी त्यातली नाही. मला बोलल्याशिवाय जेवण पचत नाही. तरी एवढे दिवस गप्प बसले, म्हणजे माझं काय झालं असेल बघ.

लिहायचं कारण असं की मागच्या आठवड्यात माझा दादा, तुझा बाप, कापता कापता झोपला. डुलकी नव्हे, झोपला. टेबलावर वाकलेला, हातात मोठी कात्री, मला काहीतरी सांगत होता आणि वाक्य अर्धंच राहिलं. मी काज करत होते. वर बघते तर मान खाली आणि कात्री डाव्या अंगठ्यात रुतलेली. मी हाक मारली तर डोळे उघडून विचारतो, "कुठपर्यंत आलो होतो?" अंगठ्याला फार नाही लागलं, पण त्या दिवशी कात्री मी माझ्याकडे ठेवून घेतली.

तेव्हा आता सांगतेच. तू इथे असताना तो ज्या गोळ्या घ्यायचा त्या पाठीच्या नव्हत्या. त्याला कंपवात आहे. उजवा हात सारखा खिशात ठेवायचा ना? तुला वाटायचं मास्तर ऐटीत उभे आहेत. ऐट कसली, हात थरथरायचा. मला त्यानं शपथ घातली होती, टाचणीला कळता कामा नये. तुझं त्या गणवेशाच्या कारखान्यात जायचं की नाही हे चाललं होतं तेव्हा. म्हणाला, कळलं तर दयेपोटी राहील, आणि दयेपोटी राहिलेलं माणूस मला नको.

पण घाबरू नकोस. या आजाराने लगेच काही होत नाही आणि औषध चांगलं लागू पडलंय. हात चालतो. उलट हल्ली त्याला इतका उत्साह असतो की विचारू नकोस. उजाडायच्या आत खाली दुकानात. जुने कपडे उसवत बसतो. अस्तर वेगळं, कॅनव्हास वेगळा, दोरे गुंडाळून वेगळे, बटणं रंगाप्रमाणे. मी म्हणते, करू दे, रिकामं बसण्यापेक्षा बरं.

मी लिहिलंय हे त्याला माहीत नाही. उत्तर द्यायचं झालं तर शेजारच्या इस्त्रीवाल्या बाईंच्या नावाने पाठव. नाही दिलंस तरी मी लिहिणारच.

तुझी आत्या


११ फेब्रुवारी

टाचणे,

उत्तर नाही. ठीक आहे. गरज मला आहे, तेव्हा मीच लिहिते.

गोळीबद्दल तुला नीट सांगायचं राहिलं. आमच्या डॉक्टरीणबाई फार समजावून सांगतात, मला त्यांचं सगळं कळतं असं नाही, पण एवढं कळलंय. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. ते कमी पडलं की हातपाय ऐकेनासे होतात. त्यावर एक औषध असं आहे की त्याचं मेंदूत गेल्यावर डोपामिनच बनतं. दुसरी गोळी असते ती डोपामिनची नुसती नक्कल करते, आणि मेंदू त्या नकलेला फसतो. तिला ॲगोनिस्ट म्हणतात. दादाला ही नक्कल करणारी दिली. पहिलं औषध पुढे वर्षानुवर्षं घ्यावं लागतं आणि त्याने कधी कधी अंग नको तसं हलायला लागतं, म्हणून ते थोडं पुढे ढकलायचं, असा हिशेब.

आणि ही गोळी काय काय करते बघ. दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक शिक्षिका बसली होती. तिच्या डोक्यातल्या ग्रंथीवर गाठ होती, बारीकशी. मूल नाही, बाळ नाही, आणि अंगावर दूध यायचं. पाळी बंद. बिचारी घाबरून अर्धी झाली होती. तिला याच जातीची गोळी आठवड्यातून दोनदा, आणि गाठ चिरफाड न करता आटत चाललीय. आपल्या इस्त्रीवाल्या बाईंनाही हीच निघाली. त्यांचे पाय अंथरुणावर पडलं की वळवळतात, स्वस्थ राहू देत नाहीत, म्हणून इवलासा डोस. एकाच गोळीने इतक्यांची घरं सावरली म्हटल्यावर मी तर तिला नमस्कारच करते.

दादाचं म्हणशील तर पहिल्या महिन्यात मळमळ आणि उठून उभं राहिलं की भोवळ. मग हात सुटला. पुन्हा सरळ रेघ कापायला लागला तेव्हा मी मशीनमागे तोंड लपवून रडले, तुला म्हणून सांगते.

बाकी सगळं छान आहे. फक्त उसवण्याचं जरा जास्त होतंय. जुने कपडे संपले. मग पडदे उसवले. मग माझं बाहेर जायचं जाकीट. मी ओरडले तर म्हणाला, आतली शिलाई बघत होतो. परवा एका गिऱ्हाइकाची तयार विजार उसवली, दुपारी न्यायला येणार होता तो. मी सांगितलं, मास्तरांना कमरेत फरक वाटला म्हणून पुन्हा करतायत. गिऱ्हाईक खूश झालं, म्हणालं, असं काम कुठे राहिलंय हल्ली.

तू असतीस तर हसली असतीस. की नसतीस?

आत्या


२ मार्च

टाचणे,

तुझं पत्र इस्त्रीवाल्या बाईंनी पदराखाली लपवून आणून दिलं, जणू काही चोरीचा माल. पत्र कसलं, चार ओळी. त्या चार ओळींनी माझी झोप उडवली.

तर तू त्याच्यासाठी कोट शिवला होतास. दुपारी तो पाठ टेकायचा तेव्हा, त्याच्या जुन्या कोटावरून माप घेऊन. तुझं पहिलं अखंड काम, कापण्यापासून बटणापर्यंत. त्याच्या खुंटीला अडकवून झोपलीस, सकाळी बघेल म्हणून. आणि सकाळी खाली आलीस तर तुझ्या स्टुलावर सगळे तुकडे घडी करून ठेवलेले आणि वर बटणं.

मी त्या दिवसांत डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. डोळ्यावरची पट्टी काढून घरी आले तर तू गेलेली आणि स्टूल रिकामं. मी विचारलं तर दादा म्हणाला, कारखान्यात गेली, बरं झालं. मला वाटलं, खरंच कारखान्यासाठी गेलीस.

स्टुलावर घडी म्हणजे काय, हे तुला मी काय सांगू, तू या दुकानात वाढलीस. माझ्या वडिलांची रीत ती. आवाज चढवायचा नाही. काम पसंत नाही पडलं तर ते पूर्ण उसवायचं, घड्या घालायच्या, वर बटणं ठेवायची आणि ज्याचं काम त्याच्या स्टुलावर ठेवायचं. अर्थ एकच, उद्यापासून येऊ नकोस. दादानंही एकदा केलं होतं, तू लहान होतीस. तो कारागीर तुकड्यांकडे बघत उभा राहिला आणि टोपी घालून निघून गेला, ते तू माझ्या मांडीवरून बघितलंस. म्हणजे तू काय समजलीस हे मला पुरतं कळलं. मीही तेच समजले असते.

काल त्याला विचारलं. उगाच आडवळण नाही, सरळ. "टाचणीचा कोट तू उसवलास?"

तो टेप गुंडाळत होता. थांबला. म्हणाला, "उसवला असेन."

असेन? अरे, असेन म्हणजे काय? पोरीचं पहिलंवहिलं काम आणि म्हणे असेन. मी त्याला नाही नाही ते बोलले. एवढी मोठी झाले पण मोठ्या भावाला इतकं कधी बोलले नव्हते. तेव्हापासून जेवतोही खाली मान घालून.

मी त्याची बाजू घेऊन हे पत्र लिहिणार होते. आता कुणाची बाजू घेऊ ते कळत नाही. दार उघडावं आणि तू समोर असावीस असं फार वाटतं, एवढं खरं.

आत्या


१४ मार्च

टाचणे,

हे पत्र बसून वाच. सावकाश वाच. मीही सावकाश लिहितेय.

काल दवाखान्यात गेलो होतो, नेहमीची तपासणी. डॉक्टरीणबाईंनी त्याला बोटं एकमेकांवर आपटायला लावली, मूठ उघड-मीट करायला लावली, दारापर्यंत चालवून आणलं. मग तो खुर्चीत बसला आणि त्या माझ्याशी बोलायला लागल्या. अचानक झोप येते का? मी कात्रीचं सांगितलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. नसलेली माणसं, जनावरं दिसतात का? नाही. मग म्हणाल्या, "कसला नाद वगैरे? पत्ते, पैजा, खरेदी, सारखं खाणं?"

मी म्हटलं, "बाई, त्याला पत्त्यातला राजा आणि गुलाम वेगळे ओळखू येत नाहीत. आणि खरेदी म्हणाल तर सुईसुद्धा मी आणते." हाच प्रश्न त्यांनी मागेही विचारला होता आणि मी हेच उत्तर तोऱ्यात दिलं होतं. घरात कुणी जुगारी नाही याचा मला केवढा अभिमान.

तेवढ्यात टर्र आवाज आला.

दोघींनी मागे बघितलं. आपले मास्तर मान वाकवून बसलेले, आणि दवाखान्याच्या खुर्चीची गादी एका बाजूने पूर्ण उघडलेली. नखाने टाका उचलून शिवण ओढत होता. आम्ही बघतोय हेही त्याला कळलं नाही. मांडीवर दोरा गुंडाळून ठेवलेला, व्यवस्थित. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. पेन खाली ठेवलं. "मास्तर, हे घरीही करता?"

तो दचकला. "बघत होतो फक्त. टाका फार लांब घातलाय."

"करायला लागल्यावर थांबता येतं?"

त्यानं मांडीवरचा दोरा मुठीत घेतला. मग म्हणाला, "नाही. जेवायला हाक मारतात ते ऐकू येतं, पण हात सुटत नाहीत. करताना इतकं बरं वाटतं. झाल्यावर लाज वाटते." आणि टाचणे, तुझा बाप माझ्यासमोर, परक्या बाईसमोर, रडला. आमची आई गेली तेव्हा नव्हता रडला.

मग त्यांनी सांगितलं ते जसं आठवतं तसं लिहिते. हात हलवायला जे रसायन लागतं तेच रसायन माणसाला "हे छान आहे, पुन्हा कर" असंही सांगत असतं. गोळी त्याची नक्कल करते म्हणून हात सुटतात, पण काहींच्या बाबतीत ते "पुन्हा कर" थांबतच नाही. कुणी जुगारात बुडतं, कुणी कपाटं भरून सामान आणतं, कुणाला बाईमाणसाचं भान राहत नाही, कुणी रेडिओ खोलून त्याचे स्क्रू लावत बसतं. सगळ्यांना नाही होत. पण हा खोलायचा प्रकार ज्याला होतो त्याला बहुधा आयुष्यभर केलेल्या कामाचाच चाळा लागतो, आणि घरच्यांना वाटतं, माणूस कामसू आहे. हे म्हणताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, हा त्यांचा चांगुलपणा.

बाहेर आल्यावर आम्ही पायरीवर बसलो. मी म्हटलं, "दादा, आता सांग. टाचणीचा कोट."

तो म्हणाला, "निळा होता ना? आत राखाडी अस्तर. खुंटीला माझ्या."

"हो."

"तो तिचा होता हे मला तू परवा विचारलंस तेव्हा कळलं. मला वाटलं, माझाच आहे. माप माझं. शिलाई माझी. म्हटलं, कधीतरी शिवला असेल आणि विसरलो असेन. हल्ली विसरतो. सोडवताना एक टाका सैल सापडला नाही. टेबल भरलं होतं म्हणून हाताशी स्टूल होतं त्यावर ठेवले तुकडे. घडी करायची सवयच आहे."

मी विचारलं, "मग ती गेली तेव्हा तुला काय वाटलं?"

म्हणाला, "मला वाटलं, तिनं माझा हात बघितला."

म्हणजे बघ. तुला वाटलं त्यानं तुला काढून टाकलं, त्याला वाटलं तू त्याच्या थरथरत्या हाताला कंटाळून गेलीस. सुतावरून स्वर्ग गाठायचा तर आपल्या घराने.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी हळूहळू कमी करू. मी त्याला सांगितलंय, तुला पत्र लिहितेय म्हणून. त्यानं दिवा माझ्या बाजूला सरकवला.

आत्या


५ एप्रिल

टाचणे,

"गोळीचं निमित्त बरं सापडलं." एवढंच लिहिलंस. पाकिटावर मात्र या वेळी आपल्या दुकानाचा पत्ता, हे मी पाहिलं.

निमित्त म्हण. तुझ्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं. दुधाने तोंड भाजल्यावर ताक फुंकून प्यायचंच असतं. पण मला एवढंच सांग, त्या दवाखान्याच्या खुर्चीवर त्याचा काय राग होता? डॉक्टरीणबाईंना तो कामावरून काढणार होता का?

आता पुढचं. तुझं ते वाक्य त्यानं वाचलं. मी दाखवलं नाही, पाकीट त्याच्या हातात आधी पडलं. वाचून घडी केली आणि माझ्याकडे दिलं. त्यानंतर दोन-तीन दिवसांत तो अंथरूण धरून बसला. घाम. छातीत धडधड. मी स्वयंपाकघरात गेले तरी हाक मारायचा, एकटं सोडू नकोस म्हणून. हा माणूस, ज्याला दुकानात कुणी बोललेलं खपत नाही. हात तर लाकडासारखे. भिंतीकडे तोंड करून म्हणायचा, संपलं सगळं. मला वाटलं, आजारच वाढला.

मग चिंध्यांची गोणी रिकामी करताना खाली गोळ्या सापडल्या. रोजची गोळी तोंडात धरायचा आणि मी वळले की गोणीत टाकायचा. एकदम बंद केली होती, कुणाला न विचारता.

मी गोळ्या ओंजळीत घेऊन त्याच्यापुढे धरल्या. म्हणाला, "हात गेले तर जाऊ देत. मला आता कुणाचं काही उसवायचं नाही."

मी गोळ्या पदरात बांधल्या आणि त्याला दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी मात्र चांगलंच फैलावर घेतलं, त्याला आणि मलाही. ही गोळी अशी एकाएकी सोडायची नसते. दारू सोडल्यावर शरीर जसं भांडतं तसं भांडतं, माणूस घाबरतो, खचतो, जिवाचं बरंवाईट करून घेईपर्यंत जातो. पुन्हा सुरू करून पायरी पायरीने उतरायचं, आणि एकीकडे ते दुसरं औषध, ज्याचं डोपामिनच बनतं, ते वाढवत न्यायचं. आता गोळी मी देते, त्याला पाणी प्यायला लावते आणि तोंड उघडून दाखवायला सांगते. लहान पोरासारखा आ करतो. मग दोघांना हसू येतं.

घाम थांबलाय. काल खाली येऊन बसला. एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

आत्या


२० मे

टाचणे,

तुझं पत्र मिळालं. "झोप येते का अजून कापताना" असं विचारलंस. तुझा हा प्रश्न मी त्याला मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यानं मला तो परत वाचायला लावला.

नाही येत. गोळी आता अगदी थोडी राहिलीय, लवकरच बंद होईल. सकाळी उशिरा उठतो. खाली येतो, बटणांच्या डब्यांसमोर खिशात हात घालून उभा राहतो. मी चहा पुढे करते. पूर्वी चहा गार व्हायचा, आता पितो. परवा म्हणाला, ओढ येते, पण आता मला ती येताना दिसते.

पण हात पूर्वीचे राहिले नाहीत, हे तुझ्यापासून लपवणार नाही. नव्या औषधाचा अंमल चढला की हात मोकळे होतात, उतरला की थांबायचं. मोठी कामं आम्ही घेत नाही. दुरुस्त्या, काजं, मापाला लहान-मोठं करणं. तक्रार नाही. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात ते काही अंशी खरं, पण त्याच इलाजाने त्याला चांगली दोन वर्षं दिली हेही खरं. ती शिक्षिका परवा भेटली, गाठ जवळजवळ गेली म्हणाली. इस्त्रीवाल्या बाईही सुखाने झोपतात. फक्त आता मी त्यांना सारखी विचारते, काही नाद लागलाय का, आणि त्या म्हणतात, तुमच्या चौकशांचाच लागलाय.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. त्यानं तुझा कोट शोधून काढला. त्याच्या त्या असंख्य डब्यांत आणि गाठोड्यांत तो होता, पाठ, पुढचे भाग, बाह्या, अस्तर, कॉलर, सगळं एकत्र, बटणांसकट. टेबलावर मांडलं. मला म्हणाला, "इकडे ये, खिडकीपाशी धर." मी धरलं. कापडावर तुझ्या सुईची भोकं अजून आहेत. बारीक, एकसारखी. त्यानं बोट फिरवलं त्यावरून.

मग सुईत दोरा घालायला मला दिला, ते त्याला आता जमत नाही. आणि शिवायला बसला. हाताने. हात थरथरला की सुई काढून थांबायचं, थांबला की तुझ्याच भोकातून सुई घालायची. मी म्हटलं, मी करते, तर असं बघितलं की मी गप्प काज करायला गेले. कधी सकाळभरात एवढीशी शिवण होते. कधी होतच नाही. पण उसवत नाही, टाचणे. तुझा बाप शिवतोय.

तू लिहिलंस की कारखान्यात सध्या रजा मिळत नाही. खरं असेल. मी काही म्हणत नाही. मी फक्त मनातलं सांगते, तू यावीस म्हणून मी रोज दाराकडे बघते.

आत्या


८ जून

टाचणे,

आज माझं पत्र छोटं. खाली त्यानं लिहिलंय. अक्षर मुंगीएवढं आहे, या आजारात अक्षर बारीक होत जातं, त्यात रुसवा शोधू नकोस. चष्मा लाव. सकाळी लिहायला बसला तो आत्ता उठला, आणि मला वाचू दिलं नाही. पाकिटात घालताना मी वाचलंच.

प्रवासाची काळजी करू नकोस. मी शेजारी बसेन. गोळ्या माझ्याजवळ असतील.

आत्या


टाचणीस,

कोट बघितला. शिवण चांगली आहे. मला माझीच वाटली, ही चूक माझी.

पाठ, पुढचे भाग आणि खांदे जोडले आहेत. अस्तर लावलं आहे. बाह्यांना नुसते कच्चे टाके घातलेत, पक्क्या केल्या नाहीत. त्या मी करणार नाही. कापलं ज्यानं, बाही त्यानं बसवायची.

तू घेतलेली मापं आता चालणार नाहीत. उजवा खांदा खाली आला आहे. पाठीला बाक आला आहे, मागून कोट वर जाईल, तिथे कापड सोडायला लागेल. उजवा हात हलतो, बगलेत मुंढा जरा मोकळा ठेव. बाकीचं अंगावर घातल्यावर दिसेल.

तुला रजा नाही असं आत्यानं सांगितलं. तू येऊ नकोस. गिऱ्हाइकाने टेलरकडे जायचं असतं.

ट्रायलला कधी येऊ, ते कळव.